पारदर्शक धूर

मी आगीला रंग देते. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई सिनेमात आहे. एकदा एसटीत शेजारच्या मावशींनी विचारलं, "म्हणजे फटाक्यांच्या कारखान्यात का गं?" डोंबलाचे फटाके! साताऱ्याजवळच्या वणवा केंद्रात नोकरी आहे माझी. डोंगराला उद्या लागू शकेल अशी आग आज संगणकात पेटवायची आणि ती माणसांच्या डोळ्यांना दिसेल अशी करायची, हे माझं काम.

केंद्रात एक गोल खोली आहे, आतून काळीभोर. दार लावून यंत्र चालू केलं की तुमच्या भोवती डोंगर उभा राहतो आणि त्याला आग लागते. आवाज नाही, धग नाही. मी ती शंभरपट सावकाश करून ठेवते. मग ज्वाळा पाण्यातल्या शेवाळासारख्या हलतात, ठिणग्या हवेत थांबून राहतात आणि त्यांच्यामधून हिंडता येतं. दुपारची पोळीभाजी मी कितीतरी वेळा वणव्यात बसून खाल्लेली आहे. डोक्यावर जांभळट निखारे तरंगतायत, मांडीवर डबा. जग म्हणजे एक झोप आहे आणि आपण त्यात जागे आहोत, असं काहीतरी तिथं वाटायचं. लागलेलं वेडच होतं ते, दुसरं काय म्हणणार?

आता हे होतं कसं, ते सांगते. घाबरू नका, शाळेतल्यापेक्षा सोपं आहे. डोंगरावरची सगळी हवा वीतभर लांबरुंद डब्यांत कापायची. मनातल्या मनात हो, सुरीनं नव्हे. असे अब्जावधी डबे होतात. प्रत्येकात चारदोन आकडे: तापमान किती, काजळी किती, वारा कुठून कुठं. या डब्यातलं पुढच्या क्षणी शेजारच्या डब्यात काय जाईल, ते भौतिकशास्त्राचे नियम सांगतात. झाली आग तयार. पण ती दिसत नाही, कारण आकड्यांचा ढीग कुणाला दिसतो? तिथून माझं काम सुरू. बघणाऱ्याच्या डोळ्यातून एकेक किरण काढायचा आणि डब्यांतून आरपार न्यायचा. प्रत्येक डबा त्या किरणात थोडा रंग मिसळतो आणि आपल्या मागचं थोडं झाकतो. किती तापमानाला कुठला रंग आणि किती झाकायचं, हे एक रेघ ठरवते. रेघ वर उचलली की त्या तापमानाची हवा भिंतीसारखी दाट दिसते. खाली दाबली की काचेसारखी आरपार. ती रेघ ओढते मी.

पहिल्या वर्षी मी सगळंच दाखवलं, ज्वाळा, धूर, तापलेली हवा, सगळं. मोठे अधिकारी बघायला आले. त्यांना दिसला काय, तर राखाडी लगदा. एक जण म्हणाले, "शेलार मॅडम, यात आग कुठंय? ही तर नाचणीची आंबील झाली." सगळे हसले. मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तीनशे अंशांखालची सगळी रेघ खाली दाबली, पार शून्यापर्यंत. आणि काय चित्र उतरलं, अगं बाई! काळ्या डोंगरावर सोन्याची झालर. मधल्या वाटा स्वच्छ, मोकळ्या. तेच अधिकारी टाळ्या वाजवत होते. माझा सत्कार झाला. ती रेघ तशीच कायम झाली आणि पुढं डोंगरातल्या माणसांच्या चष्म्यांतसुद्धा तीच गेली.

हा चष्मा म्हणजे आमच्या केंद्राची मोठी मिरवायची गोष्ट. जाळरेषा काढणारी जी माणसं असतात, म्हणजे आगीच्या पुढं जाऊन गवताचा पट्टा आधीच साफ करतात ती, त्यांना आम्ही तो देतो. पुढच्या तासाभरात आग कुठं जाणार, त्याचं चित्र चष्म्यात आधीच भरलेलं असतं, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही. काचा आरपार नसतात; समोरचा डोंगर चष्मा त्याच रेघेनं आतून रंगवून दाखवतो आणि त्याच्यावर उद्याची, म्हणजे पुढच्या घटकेची, आग दिसते. तीन वर्षांत जळणारं रान निम्म्यावर आलं. आणि तीन वर्षांत डोंगरातली माणसं वास घ्यायची विसरली. पूर्वी वाऱ्याला तोंड करून उभी राहायची. आता चष्मा सारखा करतात.

माझा दादा, हणमंत शेलार, जाळरेषेच्या टोळीचा म्होरक्या होता. आमचं गाव आंबेघळ, जावळीच्या खोऱ्यात. चष्मा आला तेव्हा दादानं आधी माझी, घरच्या इशीची, खूप थट्टा केली. "इशे, तुझी आग लई गोरीगोमटी आहे गं. खरी आग मळकट असते." पण धाकट्या बहिणीनं केलंय म्हणून पहिल्यांदा डोळ्यांवर चढवला त्यानंच, आणि मग सगळ्या खोऱ्यात सांगत सुटला, "आमच्या वृषालीनं केलंय हे."

गेल्या चैत्रात आंबेघळच्या माथ्यावर वणवा लागला. दादा, जगूआबा आणि विलास असे तिघं वर होते. वारा फिरला आणि आग तिन्ही अंगांनी आली. चौथ्या अंगाला घळ. जगूआबांनी आयुष्यात चष्मा लावला नव्हता, विलासचा त्या दिवशी बंद पडलेला. दादा घळीकडं काहीतरी बघत उभा राहिला, या दोघांना हातानं थांबायची खूण केली आणि खाली उतरला. परत आला नाही. हे दोघं उघड्या कातळावर पालथे पडून राहिले आणि आग त्यांच्या अंगावरून गेली तरी वाचले. दादा दुसऱ्या दिवशी घळीत सापडला, मधोमध, अरुंद जागेत. जगूआबा चौकशीत जे पाहिलं तेच बोलले: "तो खाली गेला, आला न्हाई." गावानं त्याचं भाषांतर करायला फारसा वेळ लावला नाही. हणमंता पळाला. सोबत्यांना टाकून पळाला.

मी त्या दिवसाची फाईल अकरा महिने उघडली नाही. भित्री आहे मी, मान्य आहे.

मग फाल्गुन लागल्यावर एके दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. कांचन वहिनी माझी शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. तिचं लग्न दादाशी लावून द्यायला सगळ्यात जास्त नाचले असेन तर मी. आईवडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे दादा, आणि दादा गेल्यावर माहेर म्हणजे कांचन. तिच्या हातचा चहा प्यायला मी महिन्यातून एकदा घाट चढून जायचे.

"इशे," ती म्हणाली, "यंदा होळी आपल्या घरानं पेटवायची नाही म्हणतायत."

आंबेघळच्या होळीला पहिली चूड शेलारांच्या थोरल्या घरानं लावायची, हा मान किती पिढ्यांचा आहे ते कुणालाच माहीत नाही. डोंगराच्या आगीत आमच्या घरचं माणूस कधी मागं हटलं नाही, म्हणून तो दिला असं म्हणतात.

"कोण म्हणतंय?"

"सगळेच. तोंडावर कुणी नाही. काल बैठक झाली. पळून गेलेल्याच्या घरचा हात होळीला नको म्हणे." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मान गेला खड्ड्यात गं. पण तो पळाला का इशे? तुझ्याकडे ती यंत्रं आहेत. मला सांग. पळाला असेल तरी सांग. मी रोज रात्री त्याच्याशी भांडते, आणि कशासाठी भांडते तेच मला माहीत नाही."

मी फोन ठेवला आणि गोल खोलीत गेले.

आमचं अधिकृत चित्र मला पाठ होतं. सोन्याची झालर, घळ स्वच्छ, माणूस कुठंच नाही. असणार कसा? संगणकाला डोंगर माहीत होता, कारवी माहीत होती, वारा माहीत होता. माणूस त्याच्या गणितातच नव्हता. पण आमच्याकडे आणखी एक फाईल असते, ती कुणी उघडत नाही. त्याचं असं आहे: संगणकातली आग शेवटी अंदाजाची. म्हणून खऱ्या आगीवर आम्ही भिंगऱ्या सोडतो, मुठीएवढी उडती यंत्रं, शे-दीडशे. त्या तापमान मोजत फिरतात. अंदाज आणि मोजमाप यांत मोठा फरक आला तर अंदाज दुरुस्त करतात. लहान फरक, वीत-दोन वीत जागेतले, चुका म्हणून बाजूला टाकतात. ती ही चुकांची फाईल. जाळरेषेच्या टोळीत म्होरक्या तेवढा पाण्याच्या नळ्यांची गार बंडी घालतो. संगणकाला ज्याचा पत्ताच नव्हता असा गार माणूस त्या दिवशी घळीत असेल, तर तो सापडेल फक्त चुकांत.

मी आग बंद केली, डोंगर पुसट केला आणि नुसत्या चुकांना रंग दिला. निळा. का निळा, ते विचारू नका, हाताला तोच आला.

आधी नुसती धूळ दिसली, निळ्या ठिपक्यांची, इकडंतिकडं लुकलुकणारी. मी घळीच्या वरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले आणि वेळ सरकवत गेले. आणि मग ठिपके एका जागी जमले. काचेवर तोंडाची वाफ सोडली की कसं उमटतं, तसं काहीतरी उमटलं. उंची माणसाएवढी. खालच्या अंगाला दोन फाटे, आळीपाळीनं पुढं येणारे.

दादा उतारावर चालतो तेव्हा डावा खांदा जरा पुढं काढतो. लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासूनचं. निळ्याचाही डावा खांदा पुढं होता.

मी वाटेतून सरले नाही. तो माझ्या अंगावरून, माझ्या अंगातून चालत गेला. खरं सांगते, मला गार वाटलं. तिथं गार वाटायला काहीही नव्हतं, पण वाटलं.

मी त्याच्या मागं मागं गेले. घळ उतरून तो खालच्या तोंडाशी पोचला. तिथं ओढ्याचा डोह आहे, चैत्रातही पाणी असतं. आग तिथवर कधीच आली नाही. तो वाचला होता! मी खोलीत ओरडले, "थांब! थांब रे तिथंच!" निळा आकार वाकला. अकरा सेकंद वाकलेलाच होता. उठला तेव्हा त्याच्या हाताशी आणखी एक निळं होतं, त्याच्यापेक्षाही गार, लोंबणारं. मला कळायला वेळ लागला. ओला पंचा. एक नव्हे, दोन. बंडीच्या खिशातले त्याचे नेहमीचे दोन पंचे त्यानं भिजवून घेतले होते. त्याच्यापाशी बंडी होती. पंचे वर थांबलेल्या दोघांसाठी.

आणि तो वळला. वर निघाला, पळतच, डावा खांदा पुढं.

मधल्या अरुंद जागेत थांबला. हात तोंडाशी गेला. मग निळं हळूहळू जमिनीवर पसरलं आणि थोड्या वेळानं विझलं.

मी किती वेळ रडले ते सांगत नाही. डोळे पुसले तेव्हा चित्रात काय होतं? काहीच नव्हतं. स्वच्छ, मोकळी घळ. ज्वाळा कुठंच जवळ नाही. धडधाकट माणूस मोकळ्या वाटेत मरून पडलाय. आणि ती वाट मोकळी कुणी केली ते मला माहीत होतं.

मी रेघ उघडली. तीनशेच्या खालचं टोक धरलं आणि वर ओढलं. घळ भरून आली. खालून वरपर्यंत, धुराड्यात भरावं तसं, दीडशे-दोनशे अंशांची काळपट हवा. ज्योत नाही, उजेड नाही, नुसती काजळी आणि विषारी वायू. दादा खाली उतरला तेव्हा ती जमिनीपासून वर होती, डोक्याच्याही वर. तो डोहाशी वाकला त्या अकरा सेकंदांत वारा बसला आणि ती खाली उतरली. त्या हवेचा एक श्वास पुरतो. आमच्या गणिताला हे आधीपासून माहीत होतं, त्याच्या चष्म्यातसुद्धा ते आकडे होते. फक्त मी ते काचेसारखे केले होते. नुसत्या उघड्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर त्याला काळोख दिसला असता, वासाकडं लक्ष गेलं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर सोन्याची झालर होती आणि मध्ये स्वच्छ वाट होती, आणि ती त्याच्या बहिणीनं काढलेली होती.

देवस्थळी मॅडम आमच्या प्रमुख. मी त्यांना दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी ती परत एकदा चालवून पाहिली. बाई वाईट नाही, हे आधीच सांगते. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वृषाली, तुमच्या भावाची वाट गावाला दाखवा. अगदी अवश्य दाखवा. तो परत आला, हे खरंच आहे. धुराचं आपण इथं बघू, सावकाश. चौकशी संपलेली आहे. तुमच्या वहिनींना दुसरं दुःख कशाला?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतकं बरं वाटलं की घाटात गाडी चालवताना मी गाणं गुणगुणत होते. दादाचं नाव धुऊन निघणार होतं, होळीचा मान राहणार होता, आणि कांचनच्या चुलीपाशी माझा पाट राहणार होता. एवढं सगळं एका अर्ध्या चित्रात मिळत असेल तर उरलेलं अर्धं उकरायला मला कुणी सांगितलं होतं? मी ठरवूनच गेले होते. जुन्या रेघेनं दाखवायचं. स्वच्छ घळ, निळा माणूस, बस्स.

होळीच्या दिवशी दुपारी देवळाच्या मंडपात सगळं गाव जमलं. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. मी छोटं यंत्र आणलं होतं; त्यानं मंडपाच्या मधोमध परातीएवढी आंबेघळ हवेत उभी राहिली. बायाबापड्या पुढं सरकल्या. "ही आपली घळ गं! हा बघ कातळ!" कांचन पहिल्या ओळीत बसली होती, पदर घट्ट आवळून.

मी निळा माणूस सोडला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. डाव्या खांद्यावरूनच गावानं ओळखला. तो डोहाशी गेला, वाकला, पंचे भिजवले, वळला.

"माघारी आला," जगूआबा म्हणाले. म्हातारा उठून उभा राहिला. "माघारी आला व्हता आमच्यासाठी. आरं विलास, बघ की! आन् मी... मी काय बोललो रे चौकशीत?" विलास तोंड झाकून बसला होता. आबा कांचनच्या पुढं जाऊन खाली बसले आणि जमिनीला डोकं टेकलं. "पोरी, होळी तुमचीच. गावानं चुकलं. माझं चुकलं."

"उठा आबा," कांचन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा उजळला होता. अकरा महिन्यांनी तिला असं पाहिलं मी. वाटलं, आता यंत्र बंद करावं. हात बटणावर होता.

तेवढ्यात तिनं परातीएवढ्या घळीकडं बोट दाखवलं. "पण इशे, इथं तर काहीच नाही. मग तो पडला कशानं?"

मी यंत्रावर वाकून उगाच काहीतरी चाचपू लागले.

"ठेच लागली असंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"दम लागला असंल. उभी चढण ती, आन् पळत आला," जगूआबा म्हणाले. चांगली माणसं होती सगळी. मला पळायला वाटा काढून देत होती, आणि सगळ्या मोकळ्या.

कांचन माझ्याकडंच बघत होती. शाळेत असताना माझी पाटी कोरी असली की मास्तरांच्या आधी हिला कळायचं.

"ठेच नव्हती," मी म्हणाले, आणि रेघेचं टोक धरून वर ओढलं.

घळ काळी झाली. निळा माणूस आधी कमरेपर्यंत बुडाला, मग खांद्यापर्यंत, मग दिसेनासाच झाला. मंडपात नुसता एक काळा, हलणारा गोळा राहिला.

"हे काय आहे?" कांचननं विचारलं.

"धूर. विषारी. त्या वेळी घळीत होता."

"मग त्यात तो शिरला कशाला? त्याला दिसला नाही?"

"चष्म्यात दिसत नव्हता."

"का?"

"मी पुसून टाकला होता, कांचन."

"कशासाठी?"

मला मोठमोठे शब्द येतात. माहितीचा अतिरेक, निर्णयक्षमता, आकलन. अहवालांत मी ते भरभरून लिहिलेले आहेत. त्या वेळी एकही तोंडात आला नाही.

"चित्र छान दिसावं म्हणून," मी म्हणाले.

ती उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. मागोमाग बाकीचे उठले. मला कुणी वाईट बोललं नाही, बोलले असते तर बरं झालं असतं. घोंगड्या काढल्या, उजेड आला, त्या उजेडात तो काळा गोळा फिका पडला. मी देवळाच्या पायरीवर येऊन बसले आणि मॅडमना फोन लावला.

"रेघ वर घ्या," मी म्हणाले. "आत्ता. सगळ्या चष्म्यांत. आज खोऱ्यात गावोगाव होळ्या पेटणार आहेत."

"वृषाली, परत तो लगदा होईल. लोकांना काही उमगणार नाही."

"नाही उमगलं तर जाणार नाहीत त्यात. आणि मी गावाला सगळं दाखवलंय, मॅडम. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्यावर जी कारवाई करायची ती उद्या करा."

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "घेते." तासाभरानं जगूआबा विलासचा नवा चष्मा डोळ्यांवर धरून, जन्मात पहिल्यांदा, माथ्याकडं बघताना दिसले. "ह्यात तर ढगच हायत नुसतं," ते म्हणाले. विलास म्हणाला, "मग आबा, तिकडं जायचं न्हाई."

दिवस मावळायला होळी रचून झाली. एरंडाची फांदी मधोमध, भोवती गवऱ्या, लाकडं. मी निघणार होते. खरंच निघणार होते, गाडीची किल्ली हातात होती. पण कांचन घरातून चूड घेऊन आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. तिनं रडून घेतलेलं होतं. चेहरा आता दगडासारखा होता.

"कुठं निघालीस?"

"जाते. तुला नको असेन तर..."

"तू त्या अंगाला उभी राहा," ती म्हणाली. "धुराच्या."

मी जाऊन उभी राहिले. तिनं चूड लावली. गावानं बोंब ठोकली, आणि नेहमीच्या त्या बोंबेत आज कुणीतरी "हणमंता रं!" म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले. ओल्या फांद्यांचा धूर आधी येतो, जाळ नंतर. तो सगळा माझ्या अंगावर आला. दाट, पिवळट, कडू. नाकात गेला, घशात गेला, डोळ्यांची आग आग झाली. धुरापलीकडं होळी आहे की नाही तेही दिसेना. बाकीची माणसं वाऱ्याबरोबर जागा बदलत होती. मी हलले नाही. ठसका लागून वाकले, पण हलले नाही. इतक्या वर्षांत मी किती आगी पाहिल्या त्याची गणती नाही, पण हा पहिला धूर.

कांचन तांब्यातल्या पाण्याची धार धरून होळीभोवती फिरत होती. पहिल्या फेरीला माझ्यासमोरून गेली तेव्हा तिनं बघितलं नाही. दुसऱ्या फेरीलाही नाही. तिसऱ्या फेरीत मला तिची पावलं ऐकू आली आणि मग थांबली. ती धुरात आली होती. तीही खोकत होती. थोडा वेळ आम्ही दोघी नुसत्या खोकत उभ्या होतो, एकमेकींना न दिसता.

मग तिनं अंदाजानं माझा हात धरला आणि तांब्या त्यात दिला. त्यात अजून ओंजळभर पाणी होतं.

"डोळे धू," ती म्हणाली. "आणि घरी चल. पोळ्या गार झाल्या."